पखवाजाच्या वाटणीची कणीक

माझ्या सासरी देवाच्या नैवेद्याला एखाद्या दिवशी उशीर झाला तर कुणी काही बोलत नसे, पण पखवाजाला जेवायला घालायला उशीर झालेला खपत नसे. मी हे गमतीनं सांगत नाही. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी गव्हाच्या पिठाचा एक गोळा मळायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि बाहेरच्या खोलीत मामंजींच्या हाताशी नेऊन ठेवायचा, हे पाच वर्षं माझं काम होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. शाळेतून मी पाच वाजता यायची, पायावर पाणी घेते न घेते तोच आतून विचारणा व्हायची, "मळली का?" चहा झाला का, दमलीस का, हे नाही. मळली का.

मी नगरात वाढलेली. माहेरी रेडिओ सोडला तर वाजणारी वस्तू नव्हती. देवळाली प्रवऱ्याला लग्न होऊन आले तेव्हा गावच्या शाळेत मला नोकरी लागली, हे चांगलं झालं, आणि घरात पखवाज निघाला, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. पखवाजाला दोन तोंडं असतात. उजव्याला काळी शाई असते, ती कायमची. डाव्याला मात्र दर वेळी वाजवायच्या आधी कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे त्यातून तो खोल, भरलेला आवाज निघतो. कणीक कमी पडली तर आवाज चढतो, जास्त झाली तर बसतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, नाहीतर वाळून कातडं फाटतं. खरवडलेली कणीक गायीला. दोन पोळ्यांचा ऐवज रोज असा गायीच्या तोंडात जाताना मी बघायची.

आणि कणीकही कशी हवी? सैल नको, घट्ट नको. कोंडा चाळून घेतलेला. मीठ नाही, तेल नाही. मळून अर्धा तास मुरलेली. मी त्यांच्या ताटात वाढलेल्या पोळीबद्दल त्यांनी एकदाही ब्र काढला नाही, कच्ची असो की करपलेली असो. या गोळ्याला मात्र ते अंगठ्यानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तरीनबाई, आज घाईत हुता वाटतं." मग मी मुकाट्यानं परत मळायची. मुकाट्यानं म्हणजे तोंडानं मुकाट्यानं. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली जायची.

रोज दिवेलागणीला तासभर ते बसत. गायचे स्वतःच, आवाज जाडाभरडा पण सुरात. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, टाळ घेऊन भिंतीला टेकायच्या आणि बऱ्याचदा टाळ वाजवता वाजवता डुलक्या घ्यायच्या, तरी ताल चुकायच्या नाहीत. मी आत भाकऱ्या थापत असायची. मधे एक भिंत. त्या भिंतीतून डाव्या हाताची ती थाप यायची, कानात कमी आणि पाटावर बसलेल्या मांड्यांत जास्त. ती ऐकत मी मनातल्या मनात पखवाजाला, कणकेला आणि हे लग्न जमवणाऱ्या माझ्या मामाला नावं ठेवायची.

दुष्काळाच्या वर्षी मात्र हे मनातल्या मनात राहिलं नाही. बहात्तर साल सरत आलं होतं. आमच्याकडे कालवा असल्यानं निदान ऊस उभा होता, पण कालव्याचं पाणीही मोजूनमापून सुटायचं, आणि घरची ज्वारी संपली होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना चिरायची, भाजताना तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसायची. गहू मिळायचा तो अगदी थोडा. त्यातून आत्याबाईंना मिलो बाधली. पंधरा दिवस त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की यांना मिलो द्यायची नाही, गव्हाचीच पोळी द्या. म्हणजे घरातल्या गव्हाला आता दोन दावेदार झाले. एक आत्याबाई आणि दुसरा पखवाज.

मी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं की तुमच्या आबांशी तुम्ही बोला. हे साखर कारखान्यात कारकून. तिथं म्हणे शेतकऱ्यांशी हुज्जत घालण्यात पटाईत होते. घरात वडिलांपुढे उभे राहिले की पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. ते बोलले नाहीत. मामंजींनीच आपण होऊन गोळा निम्मा केला आणि रोजचं वाजवणं दिवसाआड केलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात भिलाईचं पत्र आलं.

माझी धाकटी नणंद भिलाईला असते. तिचे यजमान तिथल्या कारखान्यात. तीन वर्षांत तिला माहेरी येणं जमलं नव्हतं, आणि आता दिवस राहिले होते तर पुढचं वर्षभरही जमणार नव्हतं. तिनं लिहिलं होतं की शेजाऱ्यांकडे रिळांचं टेपमशीन आहे, कुणाकडून तरी आबांचा अभंग टेप करून रीळ पाठवा. 'संध्याकाळी इथं काहीच वाजत नाही,' एवढंच खाली लिहिलं होतं. पत्र मीच वाचून दाखवलं. मामंजींना अक्षरओळख होती, पण पत्र दुसऱ्यानं वाचायचं असा त्यांचा नेम होता. ऐकून झाल्यावर त्यांनी ते घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "उद्यापास्नं रोजची मळ."

यांच्या कचेरीतल्या एका टायपिस्टाकडे टेपरेकॉर्डर होता. मुंबईच्या मेव्हण्यानं दिलेला, सुटकेसएवढा. चार रविवार सोडून पाचव्या रविवारी तो घेऊन येतो म्हणाला. त्या चार आठवड्यांत मामंजींनी आमच्या घराची जी दशा केली, ती आठवली की अजून माझं डोकं उठतं.

आधी त्यांनी जागा शोधायला घेतली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मशीनला सगळं ऐकू येतं, माणूस विसरतो तेही. मग ते घरभर टाळ्या वाजवत हिंडायला लागले. कोपऱ्यात उभं राहायचं, एक टाळी वाजवायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुढच्या कोपऱ्यात जायचं. बाहेरच्या खोलीवर पत्रे होते, तिथं टाळी मारली की पत्रे किणकिणायचे. गोठ्यात गाय बिचकली. धान्याच्या खोलीत कणग्या रिकाम्या होत्या, तिथं प्रत्येक टाळीमागून आणखी एक टाळी ऐकू यायची. मामंजी म्हणाले, कणग्या भरलेल्या असत्या तर हीच जागा चांगली होती. भरलेल्या असत्या तर बरंच काही चांगलं झालं असतं, असं मी म्हणाले, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही.

शेवटी त्यांना पसंत पडलं ते माझं स्वयंपाकघर. शेणानं सारवलेली जमीन, जाड भिंत, एका बाजूला सरपण, दोरीवर गोधड्या. तिथं टाळी कोरडी आणि स्वच्छ यायची. झालं. पखवाज चुलीसमोर येऊन बसला. आता थाप पडली की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायला लागल्या, म्हणून मी प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये चिंधी घालायची. जेवायच्या वेळी चिंध्या काढायच्या, जेवण झालं की परत घालायच्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून ते बंद करून ठेवलं, आणि मी दोनदा शाळेत उशिरा पोचले. हेडमास्तरांना कारण काय सांगणार? पखवाजासाठी घड्याळ बंद आहे?

हेही मी सहन केलं असतं. पण जागा मिळाली तर आवाज मिळेना. मामंजी कणीक थापायचे, थाप द्यायचे आणि मान हलवायचे. "डावं बोलत न्हाई." मग आणखी चिमूटभर. "अजून न्हाई." आणखी. पाण्याचा हात. काढ, परत लाव. मला तो आवाज आधीच जास्त खोल, लदलदीत वाटायचा, पण मला कोण विचारतंय. पिठाचा दोष, मळण्याचा दोष, रेशनचा गहू जुनाट, पाणी मचूळ, हवा कोरडी. रोज नवा आरोपी. बहुतेक वेळा आरोपी मीच. गोळा पहिल्यासारखा पेरूएवढा झाला, मग त्याच्याही पुढे गेला. आणि आत्याबाई ताटातली पोळी मोडून निम्मी बाजूला ठेवायला लागल्या, भूक नाही म्हणून. मला दिसत होतं की भूक होती.

त्याच थंडीच्या सुरुवातीला, पत्र यायच्या आधी, मामंजींचा डावा कान तीन आठवडे वाहत होता. आत्याबाई लसणाचं तेल कोमट करून घालायच्या, वर कापसाचा बोळा. मग वाहायचा थांबला, बोळा निघाला आणि आम्ही ते विसरून गेलो. तेव्हापासून ते एकेक गोष्ट दोनदा विचारायला लागले होते. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे मुद्दाम करतात, मला पळवायला. स्वतःवर इतकी खूश होते मी त्या दिवसांत की दुसरं काही सुचलंच नाही.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, मी लबाडी केली. डब्यात गव्हाचं पीठ आत्याबाईंच्या दोन दिवसांच्या पोळ्यांपुरतं होतं. मी मिलोचं पीठ गरम पाण्यात मळून त्याचा गोळा केला आणि वरून गव्हाच्या कणकेचा पातळ थर चढवला. पुरणपोळी करते तसाच, फक्त आत पुरणाच्या जागी मिलो. बाहेरून पांढरास्वच्छ गोळा. फडक्यात गुंडाळून ठेवताना मला अगदी परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

मामंजींनी तो दाबून बघितला, हूं म्हणाले आणि थापला. डोळे मिटून अभंग सुरू केला. पहिलं कडवं बरं गेलं. मग वरचा थर वाळला आणि आतल्या मिलोनं आपला गुण दाखवला. ती चिरली. दुसऱ्या कडव्याला एक खपली सुटून त्यांच्या धोतरावर पडली, मग दुसरी. डाव्या थापेतला खोलपणा निघून गेला आणि रिकाम्या डब्यावर मारल्यासारखं ठणठणायला लागलं. मी भाकरीचा उंडा हातात घेऊन तशीच बसले. आत्याबाईंचा टाळ थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो मधेच थांबलेला ऐकला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आता मामंजी थांबतील आणि मला उभी जाळतील, म्हणून मी वाट बघत होते.

ते थांबले नाहीत. सगळं म्हणून झालं, शेवटचे बोल तीनदा वाजवून तिहाई घेतली, डोळे उघडले आणि महिनाभरात प्रथमच समाधानानं म्हणाले, "आज बसलं बघ."

मग त्यांचं लक्ष मांडीकडे गेलं. लाल भुगा सगळ्या धोतरावर पडला होता. त्यांनी एक खपली उचलली, बोटांत चुरली. मिलो ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मी काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी त्याबद्दल विचारलंच नाही.

"कवा पडली?"

"दुसऱ्या कडव्याला," मी म्हणाले.

"मला कळलं न्हाई," ते म्हणाले. मग उठले, पखवाज पुसला, त्याला गवसणी घातली आणि धान्याच्या खोलीतल्या खुंटीला टांगून आले. कणीक गायीला नेऊन घालायलाही थांबले नाहीत.

शुक्रवारी वाजवणं नाही. शनिवारी नाही. यांना त्यांनी सांगून टाकलं की त्या टायपिस्टाला येऊ नको म्हणावं, आणि पोरीला लिहा की मशीन मिळालं नाही. खरं कारण लिहायचं नाही. एवढ्या लांब, असल्या दिवसांत तिच्या जिवाला घोर कशाला? हे नुसते हो म्हणाले, आणि मला माहीत होतं की हे टायपिस्टाला सांगायचंही टाळतील, कारण नको म्हणणं यांना कुणालाच जमत नसे.

मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नव्हतं. मिलो घातली म्हणून स्वतःचा होताच. पण खरं सांगायचं तर मामंजींचा जास्त आला होता. चार आठवडे माझं घड्याळ बंद, माझ्या ताटल्यांत चिंध्या, आत्याबाईंच्या तोंडची पोळी त्या कातड्यावर थापलेली, आणि आता म्हणतात की राहू द्या? भिलाईत ती पोर रोज संध्याकाळी काहीच न वाजणाऱ्या घरात बसते, तिला काय सांगायचं? रविवारी सकाळी मी तरातरा डब्याशी गेले. आत्याबाई माझ्या आधी तिथं होत्या. डबा उघडून त्यांनी सगळं पीठ परातीत ओतलं होतं.

"हाय तेवढं मळ," त्या म्हणाल्या. "माजं पोट कुटं पळून चाललंय. चार दिस पेज खाईन."

मळलेला गोळा घेऊन मी धान्याच्या खोलीत गेले, खुंटीवरचा पखवाज स्वतः काढला आणि ओसरीवर बसलेल्या मामंजींच्या पुढ्यात आणून ठेवला. पाच वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला होता. चांगलाच जड होता.

"मामंजी, तुम्हाला ऐकू येत नाही ना? मला येतं," मी म्हणाले. जरा ओरडूनच म्हणाले, कारण आता ओरडायला कारण मिळालं होतं. "तुम्ही लावा, मी सांगते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"सध्या तुमच्यापेक्षा जास्त."

सासऱ्याशी असं बोलायची पद्धत नव्हती. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता गेलीच मी माहेरी. मग मामंजींनी गवसणीची गाठ सोडायला घेतली.

दुपारी टायपिस्ट आला. यांनी त्याला नको म्हटलेलं नव्हतंच. मशीन चुलीपासून लांब, पाटावर ठेवलं, माईक उपड्या पायलीवर टेकवला. तो बटणं दाबत, रीळ फिरवून बघत बसला. त्याच्या मशीनवर एक बारका लाल दिवा पेटला होता. आमचं तिकडे लक्ष नव्हतं.

मामंजींनी कणीक थापली आणि थाप दिली. आणि मला एक गोष्ट कळली, जी कळल्यावर मी चक्रावलेच. मला येत होतं. तो आवाज कसा हवा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाच वर्षं भाकऱ्या थापताना, नावं ठेवताना, चरफडताना तो रोज माझ्या अंगात शिरला होता. हा तो नव्हता. हा चढा होता. "अजून चिमूटभर," मी म्हणाले. त्यांनी लावली, वाजवलं. "अजून." परत. "आता जास्त झाली, काढा थोडी. कडेनं नाही, मधून." ते निमूटपणे काढत होते. ज्या माणसानं माझ्या मळण्यात रोज खोड काढली, तो माझ्या तोंडाकडे बघत बोटानं कणीक इकडची तिकडे करत होता. मला यात मजा यायला हवी होती. आली नाही. "पाण्याचा हात लावा. अजून एकदा वाजवा. परत." सहा वेळा, सात वेळा. आणि मग एका थापेला पाटावर बसलेल्या माझ्या मांड्यांत ते ओळखीचं गेलं. "हां," मी म्हणाले. "लागलं."

ते अभंग म्हणाले. डोळे या वेळी मिटले नाहीत. मधे एकदा गाय हंबरली, दोनदा वीज मंदावली आणि रिळाचा वेग गडबडला, तेव्हा परत पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. टायपिस्टानं अभंग सुरू होतो तिथपर्यंत रीळ मागं नेऊन आम्हाला ऐकवलं. मामंजी उजवा कान मशीनला जवळजवळ चिकटवून बसले होते. मधेच मला विचारलं, "डावं येतंय का त्यात?" मी म्हटलं, येतंय. ते म्हणाले, "मंग तिला येईल."

त्या दिवशी खरवडलेली कणीक गायीला गेली नाही. आत्याबाईंनी ती पाण्याच्या हातानं परत मळली आणि तिच्या दोन जाड पोळ्या केल्या. कातड्याची बारीक कुसं होती थोडी. त्या म्हणाल्या, चव बरी आहे.

रीळ पोस्टानं गेलं. सोबतच्या पत्रात मी लिहिलं की आबा खुशाल आहेत, हात पूर्वीसारखाच आहे. कानाचं काही नाही. तसं सगळ्यांचं ठरलंच होतं.

उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर मामंजी परत रोज बसायला लागले होते, स्वयंपाकघरातच. जरा बरा गहू मिळायला लागला होता, आणि आता मळण्याबरोबर समोर बसून लागलं का ते सांगणं हेही माझ्याच गळ्यात पडलं होतं. म्हणजे एक काम होतं त्याची दोन झाली. भाकऱ्या उशिरा व्हायच्या. मी चिडचिड करायची आणि सांगायची.

पत्र संध्याकाळीच आलं होतं. नेहमीप्रमाणे मी मोठ्यानं वाचायला घेतलं. रीळ पोचलं, चार घरची माणसं ऐकायला आली, ती स्वतः दोन दिवस रडत होती, मग तिसऱ्या दिवशी नुसतंच ऐकलं. इथपर्यंत ठीक होतं. पुढं तिनं लिहिलं होतं: 'वहिनी, अभंगाच्या आधी बराच वेळ तुझा आवाज आहे. अजून चिमूटभर, जास्त झाली, लागलं, असं. आबांनी कणकेचं कधी कुणाला विचारलेलं मी पाहिलं नाही. आबांना ऐकू येत नाही का गं?'

तो लाल दिवा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला. मशीनला सगळं ऐकू येतं. मी वाचायची थांबले आणि म्हणाले, बाकी सगळ्यांना नमस्कार सांगितलाय.

"आजून चार वळी हायेत," मामंजी म्हणाले. "दिसत्यात मला."

मग वाचावं लागलं. आणि त्यांना ऐकू जायचं तर ओरडून वाचावं लागलं. 'आबांना ऐकू येत नाही का गं' हे मी एवढ्या मोठ्यानं वाचलं की शेजारच्या ओसरीवरची माणसं आमच्या दाराकडे बघायला लागली. आत्याबाई टाळ पुसत होत्या, त्या तशाच पुसत राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

मामंजींनी पत्र माझ्या हातातून घेऊन घडी केलं. "लिही तिला," म्हणाले. "डाव्या कानानं येत न्हाई, उजव्यानं कमी येतं म्हनाव. पन लागलं का न्हाई, ते कळतं."

"कसं कळतं? मी सांगते तेव्हा ना?"

"तू सांगायच्या आधी. तू समूर कपाळाला आठ्या घालून बसतीस. आठ्या गेल्या, की लागलं."

मी तिथंच बसून ते जसंच्या तसं लिहून काढलं, त्यांच्याच शब्दांत. मग कणीक आणून दिली, कारण ती मळलेली तयार होती, आणि रोजच्यासारखी समोर बसले. त्यांनी गोळा थापला, माझ्याकडे बघितलं आणि पहिली थाप दिली. डावं चढं होतं. निदान दोन चिमटी कणीक कमी होती. मी मनापासून प्रयत्न केला, पण त्या संध्याकाळी माझ्या कपाळाला आठी काही पडेना. ते लागलंय असं समजून त्यांनी अभंग सुरू केला, आणि मी काही बोलले नाही.